जप्तीचं शूटिंग

सकाळी नऊला ठाण्यातून फोन :
‘गुंजीकर, कॅमेरा घेऊन या, झडती आहे.
आमच्या मोबाईलची मेमरी फुल्ल झालीय.’
नव्या कायद्यात झडतीचं शूटिंग लागतं म्हणे,
पहिल्यापासून शेवटापर्यंत, मधे कट नाही.

तीस वर्षं खानापुरात लग्नं टिपली,
वरमाईचा रुसवा, उडत्या अक्षता.
आज कौलांच्या भट्टीमागं
चोरीच्या तांब्याच्या तारेचं भेंडोळं.
‘हात हलवू नका,’ फौजदार म्हणाले,
‘कोर्टात दिसायचंय.’
माझा हात हलत नाही.
बिल दिलं. ‘बघू,’ म्हणाले.

संध्याकाळी एक बारसं उरकून येत होतो,
स्टँडसमोर हवालदार बसगौडा
आणि खाली मल्लव्वा, पोतं, तराजू.
काय बोलणं झालं कळलं नाही,
पणजीची गाडी हॉर्न सोडत नव्हती.
मग बूट उठला
आणि रताळी गटाराकडं पळाली.
पळाली म्हणावं तर त्यांना पाय कुठले.

माझा अंगठा बटणावर कधी गेला
आठवत नाही. लाल ठिपका लागला.

‘ए, बंद माड!’

तो मला ओळखतो.
त्याच्या लेकीच्या पाठवणीला
मंडपाच्या खांबाआड तो रडत होता,
हातानंच ‘नको’ म्हणाला,
मी कॅमेरा खाली घेतला होता.
ते घर होतं. हा रस्ता आहे.
तेव्हा धोतर होतं, आता खाकी आहे.
एवढंच मला सांगायचं होतं,
पण कानडीत नीट जुळेना
आणि मराठीत बोललो असतो तर
विषय भलतीकडं गेला असता.
इथं जातोच.

ठाण्यात टेबलावर माझा कॅमेरा, पालथा.
वकीलबाई फोनवर सांगत होत्या,
‘ठाण्यातसुद्धा शूटिंग गुन्हा नाही,
नागपूरच्या कोर्टानं म्हटलंय, आणि तुम्ही तर रस्त्यावर होता.’
फौजदार म्हणाले, ‘नागपूर
कोगनोळी नाक्याच्या पलीकडं. इथं धारवाड.’
पुष्कळ गोष्टी नाक्याच्या पलीकडं राहतात,
आम्हाला सवय आहे.

‘जप्त करतो हा,’ ते म्हणाले.
आणि कुठून आलं कोण जाणे, मी बोललो,
‘करा साहेब. पण जप्तीचंही
शूटिंग लागतं, तुम्हीच सकाळी सांगितलंत.
मोबाईल फुल्ल आहे तुमचा.
कॅमेरा द्या, मी करतो.’

पंखा फिरत राहिला.
रायटरनं पेनाला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.
मग कुणीतरी हसलं.
कोण ते सांगणार नाही, नोकरी आहे त्याची.

पावणेदहाला कॅमेरा मिळाला.
घरी बायको झोपल्यावर लावून बघितलं :
एक मिनिट अकरा सेकंद.
सगळं हलतंय.
बुटाचं टोक, तांबडी माती, आभाळाची चिंधी,
पुन्हा बूट. छातीवरचं नाव धूसर.
लग्नवाल्यांनी याचे पैसे दिले नसते.
तीस वर्षांत माझा हात असा हलला नव्हता,
आणि नेमकं तेवढंच
स्पष्ट टिपलं गेलंय.

दुसऱ्या दिवशी मल्लव्वा दुकानात आली.
‘माझा तराजू दिसतो काय रे त्यात?’
दिसतो. शेवटी शेवटी, चार सेकंद, एकच पारडं.
तिनं तीनदा लावायला लावलं.
तिसऱ्यांदा पडद्याला बोट लावून म्हणाली, ‘हेच.’
मग ओच्यातली रताळी काढली,
हातावरच अजमास घेतला,
अर्धा किलो म्हणून काउंटरवर ठेवली.
जास्तच असतील.

झडतीचं बिल अजून आलेलं नाही.